मात्रेच्या जागी काना

मी मेलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती
आणि मी दंतवैद्याच्या बाकावर बसलो होतो,
गालाला रुमाल बांधून,
त्या दिवशी खाणीत न उतरलेला.
भिंतीवरच्या टीव्हीत लाल पट्टी सरकत होती,
तीत माझं नाव: जुम्बेर चखेइद्झे.
मदतनीस बाईने पट्टी वाचली,
हातातलं माझं कार्ड वाचलं,
मग माझ्याकडे असं पाहिलं
की खोटा असेन तर मीच.

घरचा फोन लागेना.
चढ चढून पोचलो तोवर
आईने आरशावर चादर टाकली होती.
दारात त्बिलिसीहून आलेला एक पोरगा,
बुटांना चिखल नको म्हणून फरशीवरच थांबलेला,
तिच्या तोंडापुढे माईक धरून विचारत होता,
"आता कसं वाटतंय तुम्हाला?"

आई मला पाहून ओरडली नाही.
आधी तिने गालावरचा रुमाल चाचपला,
सूज खरी आहे का ते पाहिलं.
तेवढी तिने शहानिशा केली.
मागून कॅमेरावाला म्हणाला,
"पुन्हा एकदा याल का दारातून?
उजेड कमी पडला."

मेला होता तो चखाइद्झे.
तोही जुम्बेरच, ओढ्यापलीकडचा,
उतरताना नेहमी माझ्यापुढे, खांदा तिरका करून चालणारा.
मात्रेच्या जागी काना, एवढाच आमच्यात फरक.
आणि ओढ्यापलीकडे, त्याच वेळी,
त्सिआला राजम्याचं मडकं चुलीवरून उतरवून
त्याच्या वाटणीवर झाकण ठेवत होती.
तिनेही माझंच नाव ऐकलं होतं.
बिचारी माझी आई, म्हणाली असेल,
आणि मग हळूच: देवा, आमचा नव्हे.
तीन तास.
तीन तास ती देवाचे आभार मानत होती.

लामारा गेलोवानी तेव्हा दिव्यांच्या खोलीत होती.
साठीची बाई, गुडघ्याला पट्टा,
आठ पानांचं साप्ताहिक, त्यातली दोन पानं जाहिरातींची.
खिळ्यांवरचे पितळी बिल्ले ती एकेक मोजत होती,
कुठला परत आला, कुठला नाही.
नाव कळलं तशी ती मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली:
"आधी तिला सांगून या.
तोवर मी वही उघडणार नाही."
आणि तो निघेना, तेव्हा त्याचा कोट तिनेच खुंटीवरून काढून दिला.

गुरुवारी अंक आला.
चार नावं, चौघांची वयं,
कोण मधमाश्या पाळायचा, कोणाचं छप्पर अर्धं राहिलं होतं.
आणि खाली, बारीक टायपात, नोंदवहीची पानं:
गॅस मोजायचं यंत्र मार्चपासून बंद.
"चालू आहे" अशी रोजची सही.
सही कोणाची, तेही.
तोवर टीव्हीवाले कुठल्याशा नटाच्या लग्नाला गेले होते.

पुढच्या गुरुवारी पहिल्याच पानावर चौकट:
"गेल्या अंकात खाणीची खोली ३८० मीटर छापली.
ती ३०८ आहे. चूक माझी. – लामारा"
दारूच्या गुत्त्यात हसले लोक.
बहात्तर मीटरनी मेलेल्यांना काय फरक पडतो?
मी हसलो नाही. कापून ठेवली ती चौकट,
खाणीच्या ओळखपत्राच्या मागे.

चॅनेलने काही कापलं नाही.
दर वर्षी त्या तारखेला
माझ्या आईचं रडणं लावतात,
खाली नाव त्सिआलाचं.
आई गेली त्यालाही आता चार वर्षं झाली.
मी टीव्ही बंद करत नाही.
तिचा आवाज दुसरीकडे कुठे उरलेला नाही.

परवा बाजारात लामारा भेटली, आता काठी घेऊन.
पेन्शनच्या रांगेवर काही लिहिते आहे.
म्हणाली, "नाव सांग."
म्हटलं, "तुला माहीत नाही?"
"माहीत आहे. तरी सांग."
मी सांगू लागलो, सावकाश,
आणि ख पाशी ती थांबली,
पेन्सिल कागदापासून बोटभर वर,
वाट बघत.